गाड्या वाहायचा ट्रेलर बघायला गेलो त्याची हकिगत

माणसं काशीला जाऊन येतात, गोव्याला जाऊन येतात आणि लिहितात. मी आखाडा बाळापूरहून निघून सेनगावपर्यंत जाऊन आलो. जिल्हासुद्धा ओलांडला नाही. तरी लिहून राहिलो, कारण हा मुलूख मी जन्मभर वरून बघितला होता, या खेपेला खालून बघितला. रस्त्याला पाठ टेकून, ट्रेलरच्या पोटाखाली. तिथून काय दिसतं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसणार. शाळा माझी चौथीपर्यंत. चूकभूल दिसली तर पुढं वाचा, थांबू नका.

आधी कशापायी गेलो ते सांगतो. माझा मुलगा दिगंबर. त्याची पिकअप आहे. खताच्या गोण्या, सोयाबीन, लग्नाचा मांडव, जे मिळेल ते भाडं मारतो. आता घरटी पिकअप झाली, भाडं मिळेना. पुण्याला त्याचा मेव्हणा एका कारखान्यात गाडीवर आहे, तो सारखा बोलावून राहिला. दिगंबरच्या डोक्यात दुसरंच. आमच्या रस्त्याला कारी बंद पडतात, त्या नांदेडला न्यायच्या असतात. पयले क्रेनवाला पुढची दोन चाकं उचलून ओढीत न्यायचा. नव्या कारींना ते चालत नाही म्हणे, आतलं मशीन जातं, चारी चाकं वर घ्यावी लागतात. त्याला उघडा ट्रेलर लागतो. पिकअपच्या मागं लावायचा, वर कार चढवायची, बांधायची, न्यायची.

दिगंबर म्हणाला, “अण्णा, दिवाळीच्या आत बरा ट्रेलर सापडला तर राहतो. न्हाई तर सविताला अन लेकराला घेऊन जातो पुण्याला. तुमी चला संगं. तुमाला लोखंडातलं कळत न्हाई, पण वझ्यातलं कळतंय.”

वझ्यातलं कळतं हे खरं. जवानीपासून बैलगाडी हाकली.

माझी बायको कौसल्या उन्हाळ्यात गेली. झोपेत गेली. यावर मला जास्ती लिहिता येत नाही. घरात आता दिगंबर, सून सविता, लेकरू आणि मी. ते तिघं गेले तर मी आणि भिंती. म्हणून निघताना मला भीती ट्रेलरची नव्हती, माझीच होती. पोरगं जवळ राहावं म्हणून मी कसल्याबी भंगाराला ‘चांगलं आहे’ म्हणून बसेन, आणि त्याच भंगाराखाली पोरगं जाईल. निघायच्या आधीच मनाशी ठरवलं, ट्रेलर बघायचा तो बघायचा, घर बघायचं नाही. ठरवणं सोपं असतं.

बाळापूर

बळीराम मिस्तरीचं दुकान बाजाराच्या तोंडाला. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या, लाल रंगाचा वास. बळीराम बोलायला मोठा गोड माणूस.

“कारीचा ट्रेलर? त्यात काय हाय अण्णा? ट्रॉलीच्या बाजूच्या फळ्या काढू, मागं दोन चॅनल टेकवू, चढली कार.”

मी काठी बाजूला ठेवली आणि ट्रॉलीच्या खाली शिरलो. धोतर मळलं. वरून लोक जमले. आमच्याकडं माणूस ट्रॅक्टरखाली गेला की एक तर मिस्तरी असतो नाही तर मेलेला.

बळीराम वाकून म्हणाला, “अण्णा, झोप लागली का?”

“लागत होती. तुझं वेल्डिंग बघून उडाली.”

लोक हसले. बळीरामसुद्धा हसला. पण खालून मला जे दिसलं ते सांगतो. आस एकच. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक चाक. गव्हाच्या पोत्यांना ठीक आहे, पोतं पडलं तर पुन्हा उचलता येतं.

मी विचारलं, “एक टायर फुटला तर?”

“फुटला तर फुटला. बदलायचा.”

“फुटल्याबराबर वरची कार कुठं जाईल?”

बळीरामनं वेल्डिंगची काच डोक्यावर सरकवली, विचार केला आणि खरं सांगितलं, “रस्त्यावर.”

“अन ब्रेक कुठाय याला?”

“ट्रॉलीला ब्रेक? जन्मात बघितला का कोनी?”

“ट्रॅक्टर म्हशीवानी चालतंय. पिकअप पळती.”

“मंग हळू चालवा की.”

मी दिगंबरकडं बघितलं. दिगंबर चहाकडं बघू लागला. हळू हा शब्द त्याच्या आईनं त्याला पाळण्यात असताना शिकवायला घेतला होता, अजून आला नाही.

बळीरामनं मिरचीची भजी खाऊ घातली. बिनकामाची भजी आणखी तिखट लागतात. निघताना तो म्हणाला, “अण्णा, तुमी गिऱ्हाईक मोडता, पण माणूस बराबर हाव.”

हिंगोली

कळमनुरीच्या पुढं रस्त्याच्या एका बाजूनं सोयाबीन वाळत घातलेलं. अर्धा रस्ता गाड्यांचा, अर्धा शेतकऱ्यांचा. परक्या मुलुखातला माणूस याला अडथळा म्हणतो, आम्ही खळं म्हणतो. तूर फुलावर यायच्या बेतात होती. बायका कापसात वाकलेल्या.

हिंगोलीत रशीदभाई जुन्या गाड्या घेतात-विकतात. दिगंबरची त्यांची ओळख. त्यांच्याकडं ट्रेलर होता. निळा, कुठल्या तरी लांबच्या राज्यातून आलेला, कागद बराबर. दोन आसांचा, म्हणजे चार चाकं. एक फुटलं तरी तीन धरून ठेवतात. मला बघताक्षणी आवडला आणि मी लगेच सावध झालो.

“आव चच्चा, देखो आरामसे,” रशीदभाई म्हणाले. “खाली जाताव तं जाव, चटई देतो.”

चटई देणारा व्यापारी मी पयल्यांदा बघितला. खाली गेलो. या ट्रेलरला मधली जमीनच नाही. चाकं जातील एवढ्या दोन पत्र्याच्या वाटा, आणि मधून नुसतं आभाळ.

“मधी भोक काहून?”

“वजन कमी होतंय चच्चा. अन वरची गाडी खालून बी बांधता येती.”

मागच्या बाजूला दोन फळ्या आत सरकवलेल्या, ओढल्या की उतरण तयार. चाकावरून घालायचे रुंद पट्टे होते. मी म्हणालो, आमी गाडीवर कडबा बांधतो तो आवळून बांधतो, नाडा तुटेस्तोवर. रशीदभाई म्हणाले, कार तशी बांधायची नाही, पट्टा चाकाला घालायचा, अंगाला नाही. कारीचं अंग स्प्रिंगावर उड्या मारतं, चाक जागेवर राहतं. हे मला फार पटलं. पिसाळलेल्या बैलाला शिंगाला धरून बांधत नाहीत, पाय बांधतात, तसंच. हुकाच्या दोन्ही अंगांनी दोन साखळ्या होत्या. त्या हुकाच्या खालून एकमेकींवर तिरप्या न्यायच्या, म्हणजे हूक निसटला तर ट्रेलरची मान साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. मागचे दिवे लागले. ब्रेकचं विचारलं तर म्हणाले, “हाय ना. चाकात हाय.” चाकामागं डब्यासारखे गोल ड्रम होते. मी मान डोलावली.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला जाऊच दिलं नाही. सकाळी खिचडी-खट्टा खाल्ला. मसुराची खिचडी, आणि तिळाचं, चिंचेचं पातळ आंबट. आमच्या घरी खिचडी आजारी माणसाला करतात, यांच्याकडं पाहुण्याला. दोनदा वाढून घेतली.

रशीदभाईच्या अम्मी माझ्यापेक्षा मोठ्या, दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, “घरवाली गई बोले दिगंबर. अल्ला सबर देवो.”

मी विचारलं, तुमच्यात बायको गेली तर बाप्यानं काय पाळायचं? त्या म्हणाल्या, बाईचा नवरा गेला तर तिला चार महिन्यांच्या वर घरात बसावं लागतं, साधं ल्यावं लागतं. बाप्याला काही नाही.

“आमच्यात बी तसंच,” मी म्हणालो. “बाईच्या बांगड्या फुटतात. बाप्याचं काय फुटतंय?”

अम्मी तांदूळ निवडायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, “दिखता नै बस.” आणि आत जाऊन माझ्यासाठी आणखी खट्टा घेऊन आल्या.

नरसीचा रस्ता

रशीदभाई म्हणाले, नुसतं बघून घेऊ नका, वझं टाकून चालवून बघा. त्यांची एक जुनी जीप दिली. सेनगावपर्यंत जा म्हणाले, तिथं प्रकाश नावाचा माणूस असल्याच ट्रेलरवर धंदा करतो, त्याला दाखवा. असं म्हणून ते जुम्म्याच्या नमाजाला गेले. जीप चढवायला आम्ही दोघंच उरलो.

दिगंबरनं जीप वर घेतली, पार पुढं, पिकअपच्या जवळ. मी ओरडलो, “मागं घे! मागं!”

बैलगाडीत वझं पुढं झालं की जू बैलांच्या मानेवर बसतं. खांदा सुजतो, सोलतो, मग माश्या. आम्ही कायम वझं आसाच्या जरा मागं ठेवायचो, बैलांना हलकं. कौसल्या गाडीत बसली की मी तिला मागं सरकायला लावायचो आणि ती म्हणायची, ‘बैलाची एवढी दया, माझी न्हाई.’ त्याच हिशोबानं मी दिगंबरला जीप मागं घ्यायला लावली. पिकअपच्या मानेवर भार नको. हुकावर हात ठेवला तर एकदम हलका लागला. मी खूश.

हिंगोलीच्या बाहेर पडेपर्यंत सगळं छान. मग दिगंबरनं पाय दाबला आणि मागून कोणीतरी पिकअपची शेपटी धरून हलवल्यासारखं वाटलं. आधी जरासं. मग डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. आरशात ट्रेलर एकदा या बाजूनं दिसे, एकदा त्या बाजूनं. दिगंबर काही बोलला नाही, तेव्हा मला कळलं की तो घाबरला. त्यानं पाय उचलला. ब्रेक मारला नाही, एवढी अक्कल देवानं त्या वेळी दिली. ट्रेलर हळूहळू सरळ झाला, पण सरळ होता होता डाव्या चाकांनी एका बाईच्या वाळत्या सोयाबीनमधून लांबलचक रेघ ओढली.

बाई शेतातून आली ती बोलतच आली.

“डोळे इकून खाल्ले का रे? रस्ता कमी पडला का तुमाला?”

“मावशी, ट्रेलर हालला,” दिगंबर म्हणाला.

“ट्रेलर हालला! अन तू काय मागं झोपला हुतास का?” मग तिची नजर माझ्यावर पडली. “अन ह्या म्हाताऱ्याला कशाला आनलं, साक्षीला?”

बरोबर होतं तिचं. आम्ही तिच्याकडून खराटा घेतला आणि दोघांनी मिळून सोयाबीन गोळा केलं. चाकाखाली चिरडलेलं वेगळं, चांगलं वेगळं. ती कमरेवर हात ठेवून उभी, मधून मधून सांगे, “तिकडं ऱ्हायलं, तिकडं.” काम झाल्यावर तिनंच पाण्याचा तांब्या आणला. वर म्हणाली, “बाबा, बरा लोटता खराटा. घरी सवय हाय जनू.”

नरसीला चहा घेतला. नामदेवांचं गाव, प्रसादाची दुकानं, बसनं आलेली माणसं चुरमुरे घेऊन राहिलेली. आम्ही दोघं बाकड्यावर बसलो. जीपवाला ट्रेलर बाहेर उभा. एक पोलीस त्याच्याकडं बघून गेला, मग दुसऱ्या अंगानं येऊन पुन्हा बघून गेला.

“झालं,” दिगंबर म्हणाला. “ह्यो बी न्हाई. जातो मी पुन्याला.”

मी म्हणालो, “असला ट्रेलर नको. मरशील.”

बोललो आणि चहा तसाच ठेवला. ट्रेलरमध्ये खोट आहे असं माझं मन घट्ट म्हणून राहिलं होतं. हुकावर हात ठेवून खूश झालेला मीच होतो, हे डोक्यात आलंच नाही.

सेनगाव

वेग न वाढवता, बैलाच्या चालीनं सेनगावला पोचलो. प्रकाशचं घर गावाच्या कडेला, अंगणात बुद्धाची लहान मूर्ती, बाजूला त्याचा ट्रेलर. पस्तिशीतला माणूस.

“जय भीम काका. या. हालला ना?”

“तुला कोनी सांगितलं?”

“जीप बघा की. पार मागच्या अंगाला जाऊन बसली. कुनी चढवली?”

“मी चढवून घेतली.” आणि मी बैलाच्या खांद्याचं सगळं त्याला सांगितलं.

प्रकाश हसला नाही. हसला असता तर मी भांडलो असतो. म्हणाला, “माझा बाप बी बैलगाडीवाला. पन काका, बैलाचा खांदा सोलतोय, पिकअपला खांदाच न्हाई. तिला थोडा भार पायजेच. एकंदर वजनाचा दहावा हिस्सा हुकावर पायजे. मागं जड झालं की ट्रेलर आपल्या मनानं चालतंय. गाडीवान कोन, हेच त्याला कळत न्हाई.”

मी जन्मभर जे बरोबर समजत आलो ते बैलापुरतं बरोबर होतं. हे ऐकून राग यायला पाहिजे होता. आला नाही. उलट मजा वाटली. या वयात नवीन काही कळणं म्हणजे पडलेला दात पुन्हा येण्यासारखं आहे.

दुपार कलली होती. प्रकाशची बायको सरकारी दवाखान्यात नर्स, ती कामावर. प्रकाश चुलीपुढं बसला आणि ज्वारीच्या भाकरी थापू लागला. मी असलं बघितलं नव्हतं. बाप्या लग्नात कढई हलवतो, भात शिजवतो, पण भाकर थापणं हे बाईचंच. मी जवळ सरकलो.

“पीठ एवढं ओलं काहून?”

“न्हाई तर कडा फाटती.”

“अन पानी वरून काहून लावून राहिला?”

“काका, तुमी ट्रेलरपेक्षा भाकरीचीच जास्ती तपासणी करून राहिलाव. थापता का एक?”

थापली. हातावर होती तोवर भाकर होती, तव्यावर पडली तेव्हा हिंगोली जिल्ह्याचा नकाशा झाला. दिगंबर हसला, निघाल्यापासून पहिल्यांदा. तीच भाकर त्यानं मागून घेतली, ठेच्यासोबत खाल्ली. कौसल्याच्या भाकरीचा आवाज मला तिथं आठवला. तिच्या हातात भाकर फिरायची तेव्हा बांगड्यांचा आवाज आणि पिठाचा आवाज वेगळा करता यायचा नाही. प्रकाशची भाकर मुकी होती. चवीला चांगली होती.

जेवण झाल्यावर जीप पुढं घेतली. आता प्रकाशनं हुकाला उचलायला सांगितलं. मी आणि दिगंबर दोघांनी जोर लावला तरी तो हलेना. चाकांना पट्टे, साखळ्या तिरप्या. मग सेनगावच्या रस्त्यावर दिगंबरनं पळवली. ट्रेलर असा सरळ चालला की मागं काही आहे हेच विसरावं. दिगंबर शीळ घालू लागला. म्हणाला, “अण्णा, हेच. दिवाळीनंतर सुरू. लग्नसराईत तर बघा.”

मला पुढचं सगळं दिसलं. सकाळी अंगणात लेकरू, सविताचा चुलीजवळचा आवाज. घर भरलेलं.

उतार

गावाबाहेर एक उतार आहे, खाली ओढ्यावर पूल. दिगंबर परत वळवायला तिकडं घेऊन गेला. उताराला लागलो आणि मला पाठीत ढकलल्यासारखं झालं.

हे मला ओळखीचं होतं. बैलगाडी उताराला लागली की बैलांच्या अंगावर येते. वर बसलेल्याला कळतं, बैलांना आधी कळतं. पुलाच्या तोंडाला शेळ्या आडव्या आल्या. दिगंबरनं ब्रेक मारला. पिकअप थांबायला तयार, मागचा ट्रेलर तयार नाही. टायर ओरडले, रबराचा वास आला, आणि आम्ही शेळ्यांच्या पुढच्या पायांशी जाऊन थांबलो. शेळ्यावाला धावत आला. एका हातानं शेळीला मागं ओढलं आणि आमच्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

“ब्रेक लागला की,” दिगंबर म्हणाला.

“पिकअपचा लागला.”

मी खाली उतरलो आणि रस्त्यावर आडवा झालो. प्रकाश मोटारसायकलवर मागून आला होता, तोही वाकला. त्यानं दाखवलं. हुकाच्या मागं एक दांडा असतो. पिकअप थांबू लागली की ट्रेलर पुढं रेटतो, दांडा आत सरकतो, दांड्याची तार ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. म्हणजे ट्रेलर जेवढं ढकलेल तेवढाच स्वतःला आवरेल. मला हे एवढं आवडलं की क्षणभर कशासाठी आडवा झालो ते विसरलो. माणसात अशी सोय असती तर?

पण आमच्या ट्रेलरचा दांडा सरकत नव्हता. निळ्या रंगाच्या खाली वेल्डिंगची गाठ होती. आदल्या दिवशी मी तिच्यावरून नजर फिरवली होती, हात फिरवला नव्हता.

“रिव्हर्स घेताना ह्यो ब्रेक लागून बसतोय,” प्रकाश म्हणाला. “दर खेपेला खिट्टी लावायची-काढायची, त्याचा कटाळा. कुनीतरी दांडाच झाळून टाकला.”

“झाळलंय ते कापू की,” दिगंबर म्हणाला.

प्रकाशनं एका चाकाचा ड्रम ठोकला. मग जॅक लावून चाक काढलं, ड्रम उघडला. आत काही नव्हतं. रिकाम्या डब्यासारखा. चारी तसेच निघाले. ज्यानं दांडा झाळला त्यानं आतलं सामान काढून विकलंही होतं.

“हे सामान मिळंल?”

“ह्या बनावटीचं इकडं मिळत न्हाई. बाहेरून मागवायचं. येईल का, कधी येईल, काय सांगू?”

नवीन ट्रेलर, प्रकाशच्यासारखा, आमच्या आवाक्यातला नव्हता. ते आम्हाला निघतानाच माहीत होतं.

दिगंबर मला बाजूला पुलाच्या कठड्यापाशी घेऊन गेला. ओढ्यात थोडं पाणी होतं. तो म्हणाला, “अण्णा, मी हळू चालवीन. नांदेड रोडला उतारच किती हायेत? छोट्या कारी घीन. सामान आलं की बसवू.”

मी काठी कठड्याला टेकवली.

“तुमाला मी इथं पायजे का न्हाई?”

“पायजे.”

“मंग हो म्हना. एकदा हो म्हना, मी आत्ताच्या आत्ता पुन्याला फोन करून न्हाई सांगतो. माय गेल्यापासून तुमी रातच्याला उठून बसता, मला म्हाईत हाय. मी काय हौसंनं जाऊन राहिलो का?”

त्याच्या तोंडून हे निघेल असं वाटलं नव्हतं. आमच्या घरात असलं कोणी बोलत नाही. ओठावर ‘हो’ आलं होतं. मी ट्रेलरकडं बघितलं. चाक काढून ठेवलेलं, रिकामा ड्रम, वर जीप. आणि पुलापलीकडं लांब चरणाऱ्या शेळ्या.

“न्हाई,” मी म्हणालो.

“अण्णा—”

“न्हाई म्हनलं ना. जा पुन्याला.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग कठड्यावर मूठ आपटली आणि चाक बसवायला गेला. प्रकाश पाना देत होता, तोही खाली मान घालून. त्या संध्याकाळी आम्ही जीप प्रकाशच्या अंगणात ठेवली आणि रिकामा ट्रेलर घेऊन हिंगोलीला निघालो. सूर्य समोरून नाही, पाठीमागून होता.  उताराला दिगंबरनं पिकअप अशी हळू घेतली की मागून सायकलवाला पुढं गेला.

परत

रशीदभाईला गाठ दाखवली. त्यांनी बोटानं रंग खरवडला, पुन्हा खरवडला. “कसम से चच्चा, मलाच कोनी तरी मूरख बनवलं.” मला खोटं वाटलं नाही. त्यांनी त्याच दिवशी ट्रेलर मागच्या कुंपणात उभा केला, सामान शोधून राहिलेत. मिळालं तर कळवीन म्हणाले. अम्मीनं डब्यात खिचडी बांधून दिली, वर सांगितलं, डबा परत आणायचा म्हणजे परत यायचं.

तुमच्यापैकी कोणाला असला ट्रेलर घ्यायचा असेल तर दोन आसांचा घ्या, वझं जरा पुढं टाका, पट्टा चाकाला बांधा, आणि ब्रेक आहे असं कोणी म्हणालं तर ड्रम उघडून बघा. मला बोलवलं तर मी येईन. चटई नसली तरी येईन.

यंदा आमच्या घरी दिवाळी नव्हती, कौसल्या गेल्याला साल झालं नव्हतं, तोवर सण करत नाहीत. दिवाळी उलटल्यावर दिगंबर गेला. सविता जाताना म्हणाली, “अण्णा, तुमी बी चला.” मी नाही म्हणालो. शेत आहे. आणि पुण्यात मी कोणाच्या दारात बसू?

तो आता कारखान्याची गाडी चालवतो. पहिले काही दिवस फोनवर नुसतं ‘बरं हाय’ म्हणायचा. काल स्वतःहून बोलला. म्हणाला, रस्त्याला एक ट्रॉली उलटलेली बघितली, खाली कार होती, लोक जमले होते.  फोनमधून त्याच्याकडच्या रस्त्याचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाला, “जेवला का?”

“जेवलो.”

खोटं बोललो, चूल पेटवायची होती. पण आवाज त्याचा होता. लांबचा होता, तरी त्याचाच होता.